मुसकं घातलेला गिझर

आमच्या घरमालकांना पाणी ऐकू यायचं. नळ सोडला की ते तुम्हाआम्हालाही ऐकू येतं, पण त्यांना बंद नळातलं यायचं. पहाटे उठून ते काठी घेऊन घरभर फिरत. काठीचं एक टोक भिंतीला, दुसरं कानाला, डोळे मिटलेले. मध्येच कुणी भांडं आपटलं की हात वर करायचे. "गप बसा जरा. चाललंय कुटंतरी."

चाललंय म्हणजे पाणी. निसटून चाललंय.

हर्सूलच्या अलीकडे त्यांचं घर होतं, पुढच्या खोल्यांत ते दोघं नवराबायको आणि मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं मी. मी ब्लाउज शिवायची, एकटी माणूस, लेक लग्न होऊन सासरी गेलेली. त्या मालकांची आठवण निघाली की मला आधी हसू येतं, आणि मग हाताला घाम येतो. कारण त्यांच्या जुन्या गिझरनं माझ्या लेकीला, बाळंतीण पोरीला, एका सकाळी न्हाणीत कोंडून धरलं होतं. मला तिथपर्यंत यायचंय. पण माणूस कसा होता ते कळल्याशिवाय ते सांगून उपयोग नाही. थोडं मागंपुढं होईल, सांभाळून घ्या.

मालक मूळचे गंगापूरकडचे. घरात मेंढरं. लहानपणी बापामागं रानोमाळ फिरलेले, मग इकडं वाळूजच्या एका कारखान्यात लागले, घर बांधलं, रिटायर झाले. पण मेंढरं काही डोक्यातून गेली नव्हती. आपल्या शहरात नळाला पाणी कधी येतं, किती दिवसांनी येतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तर ते साठवलेलं पाणी म्हणजे त्यांचा कळप. सगळ्या घराला ते सांगत, "एक मेंढरू निसटलं ना, की बाकीचे बी त्याच्या मागं मान खाली घालून जातेत. पाणी तसंच हाय. थेंबाला वाट घावली का टाकी गेली." कुणाचा नळ नीट बंद झाला नाही तर चिडायचे नाहीत, स्वतः येऊन बंद करायचे आणि नळावर एक थाप मारायचे, जनावराच्या पाठीवर मारतात तशी.

एकदा गरम पाण्याच्या लाईनीला गळती लागली आणि सापडेना. भिंती कोरड्या, फरशी कोरडी, पण वरच्या टाकीतलं पाणी रोज उतरायचं. मालकांनी काय करावं? त्या लाईनीत हळद सोडली. म्हणाले, जिथून गळंल तिथं पिवळं होईल. झालं. पिवळे आम्ही झालो. माझे पांढरे परकर पिवळे, मालकीणबाईंच्या टाचा पिवळ्या. शेजारीण कुंपणावरून विचारते, "काय हो, हळदीला बोलावलं नाही?" भिंत मात्र पांढरी ती पांढरीच.

सापडलं ते मांजरीमुळं. थंडीचे दिवस होते. मालक अंगणात दात घासत उभे होते आणि एकदम थांबले. "ती मांजर बगा. सगळं अंगण सोडून त्याच फरशीवर कामून बसती?" तोंडातला फेस न थुंकता गेले, मांजरीला हळूच बाजूला केलं, आणि हा एवढा मोठा माणूस फरशीला गाल लावून पालथा पडला. "ऊन हाय," म्हणाले. खोदलं तर खाली पाईपला टाचणीएवढं भोक. त्यानंतर त्या मांजरीला रोज वाटीभर दूध मिळायला लागलं. मालकीणबाई माझ्याकडं येऊन म्हणाल्या, "ताई, माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली. मला कधी हुशार म्हणाले नाहीत. मांजरीला म्हणाले."

हे हसण्यासारखं झालं. आता गिझरचं ऐका.

तो गिझर म्हणजे आत तांब्याची टाकी आणि वर पत्र्याचं पांढरं आवरण, माझ्या छातीपर्यंत उंच, तीन पायांच्या लोखंडी तिकाटण्यावर उभा. घराच्या मागं एक अरुंद बोळ होता, वरून पत्रा टाकलेला. बोळाच्या तोंडाशी हा गिझर, त्याच्या पलीकडं शेवटाला न्हाणी. दोन्ही घरांना न्हाणी ती एकच. आत जायचं तर गिझरला अंग चोरून जायचं, बाहेर यायचं तरी तसंच. दुसरा रस्ता नाही. आणि त्याचं बटण मालकांच्या स्वयंपाकघरात. चालू तेच करणार, बंद तेच करणार.

तो बदलायचा विषय काढला की मालक काठी घेऊन उठायचे. एकदाच बोलले. त्यांची आई गावाहून पहिल्यांदा इथं राहायला आली होती. उभा जन्म थंड पाण्यानं आंघोळ केलेली बाई. तिनं नळ सोडला, हातावर ऊन पाणी पडलं, तर दचकून मागं सरली, आणि मग नळाला हात जोडले. "तिनं हात जोडल्याली वस्तू हाय," मालक म्हणाले, "भंगारात कशी घालू?"



पण वस्तू म्हातारी झाली होती. आपल्याकडचं पाणी जड, क्षाराचं. भांड्याला, बादलीला पांढरा थर बसतो तसा त्याच्या आतही बसला असणार. गरम पाण्याची धार बारीक होत होत दोऱ्यासारखी झाली. मालकांनी नळवाल्या चाचांना बोलावलं. चाचांनी पाईप सोडले, ओंजळभर पांढरी खपली काढली, सफेदा लावून, धागा गुंडाळून परत बसवले. "अब देखो मालक, कैसा दौडता."

दोन दिवस दौडलं आणि पुन्हा दोरा.

"चाचा, ये क्या हुआ?"

"पुराना माल है मालक. मैं क्या करूं? मेरे भी घुटने नहीं चल रहे."

मग मालकांनी स्वतःच्या डोक्यानं जुन्या बाजारातून एक छोटा पंप आणला, टाकीतलं पाणी जोरानं गिझरमध्ये ढकलणारा, आणि चाचांकडून बसवून घेतला. गरम पाणी उलटं वर टाकीत जाऊ नये म्हणून मध्ये एक वॉलही बसवला. धार अशी आली की बादलीतून पाणी उडायला लागलं. मालक आठवडाभर खुशीत होते. त्यानंतर टपटप सुरू झाली.

गिझरच्या बाजूला एक लहानसा पितळी वॉल असतो, त्याला खाली तोंड असतं. तिथून थेंब पडायला लागले. पाणी तापलं की जास्त, निवलं की कमी. चाचांनी वायसर बदललं, तरी पडायचे. मालकांनी खाली बादली ठेवली. ते पाणी झाडांना जायचं, वाया काही जात नव्हतं. पण मालकांना ते सहन होईना. जेवता जेवता हात थांबायचा. "ऐकू येतंय का? निघालं बगा एक. हे दुसरं." मालकीणबाई म्हणायच्या, "अहो, जाऊ द्या की एखादं." ते म्हणायचे, "जाऊ दे म्हनून कळप ऱ्हात न्हाय."

त्याच दिवसांत माझी लेक स्वाती बाळंतपणाला आली. मुलगी झाली. घर लहान, पण मालकांनी एका शब्दानं काही म्हटलं नाही. उलट बाळंतिणीला पाणी कढत पाहिजे म्हणून गिझर लवकर लावायला लागले आणि बोळाशी उभं राहून विचारायचे, "पोरी, पानी पुरलं का?" पुरलं का, असं विचारायचे. अजून पाहिजे का, असं नाही. स्वाती हसायची. "मामा, पुरलं. तुमचा कळप शाबूत आहे."

मग एक दिवस टपटप बंद झाली.

मीच आधी बोलले, बरं झालं बाई, थांबलं एकदाचं. मालक मिशीतल्या मिशीत हसले. बादली उचलून जागेवर ठेवली. कसं थांबलं, कुणी थांबवलं, मी विचारलं नाही. गळती थांबली तर आपण देवाचे आभार मानतो, चौकशी कोण करतं?

ती सकाळ पाण्याच्या दिवसाची होती. नळाला पाणी आलं की आपल्या गल्लीत काय होतं ते सांगायला नको. प्रत्येक घरातून मोटर सुरू, घरघर, बायका पिंपं धुतायत, कुणी कुणाचं ऐकत नाही. मालक गिझर चालू करून गच्चीवर टाकीशी. मालीशवाल्या मावशी आल्या नव्हत्या, त्यांच्याकडंही पाण्याचाच दिवस. स्वाती म्हणाली, "मी माझी न्हाऊन घेते, केस धुवायचेत." बाळाला मालकीणबाईंच्या मांडीवर दिलं आणि गेली.

मी शेगडीशी कुकर लावून उभी होते. आणि मला एक आवाज आला. मोटरींच्या घरघरीच्या खालून, बारीक, दात खाल्ल्यासारखा. मी कुकरकडं बघितलं. कुकर गप्प होता. आवाज मागच्या बाजूनं होता.

बोळाशी गेले तर गिझर थरथरत होता. पत्र्याचं आवरण आतून कुणी नखांनी वाजवावं तसं वाजत होतं. आत न्हाणीतून स्वातीचा आवाज आला, "आई, नळातून नुसती वाफ येतेय गं. फुरफुरतोय. मी बंद केला."

मी त्या पितळी वॉलकडं बघितलं. कोरडा. इतकं तापलंय आणि एक थेंब नाही. आणि त्याच्या तोंडात काहीतरी काळं गुंडाळलेलं.

बघा, मी काही शिकलेली नाही, पण कुकर मी रोज लावते. शिट्टी वाजायची वेळ झाली आणि वाजली नाही, तर बाई आधी गॅस बंद करते आणि मग मागं सरते. ते हाताला माहीत असतं. 

मी मालकीणबाईंना ओरडून सांगितलं, "वहिनी, गिझरचं बटण. आधी बटण बंद करा आणि बाळाला घेऊन पुढच्या अंगणात जा." त्यांनी का म्हणून विचारलं नाही, बाई शहाणी. खट्ट आवाज आला, आणि माझी नात रडत रडत लांब गेली.

मी जिन्याशी जाऊन हाक मारली. मालक उतरले, हात ओले, धोतर खोचलेलं.

"मालक, टपकणं कसं थांबलं होतं?"

ते ओले हात धोतराला पुसायला लागले.

"बोला लवकर. पोरगी आत आहे."

"मुसकं घातलं," ते म्हणाले. "लाकडाचा खुट्टा ठोकला त्याच्या तोंडात. वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली. आमी करडाला घालतो तसं. आईचं दूध प्यायला जाऊ नये म्हून."

बोलता बोलताच त्यांना कळलं असावं. काठी भिंतीला टेकवलेली होती ती उचलली, लांबूनच तिचं टोक गिझरला लावलं आणि दुसरं कानाला. जन्मभर ऐकणारा माणूस. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, डॉक्टरच्या तोंडाकडं बघतात तशी. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"कढ हाय आत," म्हणाले. "लई कढ हाय. वाट मागतंय." आणि काठी टाकून सरळ त्या खुट्ट्याकडं हात घातला.

मी त्यांचा दंड धरला. माझ्यापेक्षा मोठ्या माणसाला, घरमालकाला, मी आयुष्यात हात लावला नव्हता. "हात नका लावू. खुट्टा उडाला तर तोंडावर येईल सगळं, आणि बोळात भरेल. ती आत आहे ना. निवू द्या. बटण बंद केलंय, निवेल."

"निवंल," ते म्हणाले. आणि आम्ही दोघांनीही एकदमच पाहिलं, गिझरच्या खालच्या कडेला, जिथं डाग देऊन सांधलेलं होतं, तिथून पाण्याची बारीक रेघ फुटली. पाणी कसलं, बाहेर आलं की वाफच. सुर्र. थांबली. पुन्हा सुर्र. त्या जागेचा पत्रा फुगला होता, बाळाच्या गालासारखा.

स्वाती आतून म्हणाली, "आई, झालं काय? मी येऊ का बाहेर?" तिच्या आवाजात अजून हसूच होतं. तिला काही दिसत नव्हतं.

थांब म्हणावं तर बोळाच्या आंधळ्या टोकाला पोरगी अडकलेली, पत्र्याचं दार, हातभर खिडकी, तिलाही गज. ये म्हणावं तर त्या फुगलेल्या पत्र्याला घासून यायचं.  आई असून मला ठरवता येईना.

मालक तोवर घरात जाऊन आले होते. खांद्यावर घोंगडं. बापाचं असावं, काळं, जाड, मेंढीच्या वासाचं, पावसातही पाणी आत येऊ न देणारं. पिंपात बुडवलं आणि पिळलं नाही. तसंच गळतं घेऊन बोळात शिरले. दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरून गिझर आणि वाट यांच्या मधोमध उभे राहिले, पाठ गिझरकडं. म्हणजे पडदा पुढं आणि पडद्यामागं ते स्वतः. गिझर आणि ते यांच्यात काहीच नाही.

"पोरी," ते म्हणाले. इतक्या शांत आवाजात की मला वाटलं हे पाणी पुरलं का तेच विचारतायत. "नळाला हात नको लावू. अंगावर साडी घे. दार हळू उघड. भिंतीला धरून ये, माझ्याकडं बगू नको, आईकडं बग."

"मामा, झालंय काय?"

"काय नाय. जनावर बिथरलंय. ये तू."

दार उघडलं. स्वाती बाहेर आली, साडी कशीबशी गुंडाळलेली, डोक्यावर शिकेकाईचा फेस, एक डोळा त्यानं मिटलेला. भिंतीला हात लावत एकेक पाऊल. मी हात पुढं केला होता आणि तो पोचत नव्हता. मालक मान वाकडी करून, एक कान गिझरकडं लावून उभे होते. ती अगदी समोर आली तशी म्हणाले, "थांब." ती थांबली. मागं सुर्र झालं, लांब. मी मालकांचा चेहरा पाहिला, ओठ आत ओढलेले. सुर्र संपलं. "आता," ते म्हणाले, आणि स्वाती माझ्या हातात आली.

मी तिला ओढून अंगणात नेलं. मालक बोळातून उलट्या पावलांनी, घोंगडं तसंच धरून निघाले. ते बाहेर पडून कोपऱ्यावर वळतायत तोवर तो डाग सुटला. स्फोट वगैरे नाही म्हणता येणार, पण असा आवाज झाला की गल्लीतल्या मोटरी एकेक करून बंद झाल्या. बोळ पांढऱ्या वाफेनं भरला. न्हाणीचं पत्र्याचं दार आतल्या बाजूला वाकलं. वरचा पत्रा उडून शेजाऱ्यांच्या कुंपणावर जाऊन पडला. आणि मग नुसती फुसफुस, बराच वेळ.

स्वाती आधी मालकीणबाईंकडून बाळ घ्यायला धावली, आणि बाळ हातात आल्यावर मग रडली. मी रडले नाही. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. खुट्टा ठोकताना ह्या माणसाला विचारावंसं वाटलं नाही? थेंबासाठी? मी तोंड उघडलं होतं बोलायला.

मालक उंबऱ्याजवळ उभे होते. उजवा हात कोपरापासून खाली लाल झालेला, पाठीवर सदरा चिकटलेला. मालकीणबाई डाव्या हाताला धरून म्हणत होत्या, "दवाखान्यात चला, अहो, ऐका, रिक्षा बोलावते." ते ऐकत नव्हते. ते स्वातीच्या डोक्याकडं बघत होते.

"पोरीचं न्हानं अर्धं ऱ्हायलं," म्हणाले. "ओल्या डोक्यानं बसंल. बाळंतीण हाय ती."

"त्याचं काय एवढं," मी म्हटलं, जरा तोडूनच. "पुसून घेईल."

त्यांनी डाव्या हातानं अंगणात तीन विटा मांडल्या, काटक्या मोडल्या, मोठं पातेलं भरून चढवलं. फुंकर घालताना खोकला येत होता. मालकीणबाईंनी हातावर थंड पाणी सोडलं तेवढं सोडू दिलं, पण उठले नाहीत. पाणी उकळेपर्यंत बाळ झोपलं.

मग स्वाती पाटावर बसली, खाली वाकली, केस पुढं घेतले. मालकीणबाई धुवायला लागल्या. मालक पातेल्याशी उभे राहिले, तिच्याकडं पाठ करून, तोंड भिंतीकडं. तांब्या भरायचे, थंड पाण्याचं विसण घालायचे, बोटानं ऊन बघायचे आणि न वळता चांगला हात मागं करायचे. मालकीणबाई घ्यायच्या, ओतायच्या, रिकामा तांब्या त्या हातात द्यायच्या. पुन्हा भरलेला मागं यायचा.

फेस गेला. केस स्वच्छ झाले. पाणी अंगणातून नितळ वाहत गटारीकडं चाललं होतं.

"झालं मामा," स्वाती म्हणाली. "पुरे आता."

तांब्या पुन्हा मागं आला, काठोकाठ. त्यातलं निम्मं त्यांच्याच पायावर सांडत होतं.

"घे अजून," मालक भिंतीला म्हणाले. "घे गं, लेकरा. लई हाय."

स्वातीनं माझ्याकडं बघितलं. मी होकाराची मान हलवली. ती पुन्हा खाली वाकली.